सोप्यातले सबनीस वकील

ॲडव्होकेट मनोहर सबनीस आमच्या घरी नक्की कधी आले ते आता सांगता येत नाही, पण एकदा आले ते कायमचे राहिले. ते मुंबईत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वकिली करत, आणि आम्ही निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत राहत होतो. ते कादंबरीतले होते आणि आम्ही खरे होतो, पण आमच्या सोप्यात बसणाऱ्या बायकांना हा फरक फारसा मोठा वाटत नसे. बसस्टँडच्या वाटेवर बाबू सायकलवाल्याचं दुकान होतं. त्याच्या मागच्या भिंतीला फळ्या ठोकून त्यानं भाड्यानं पुस्तकं द्यायचं वाचनालय काढलं होतं. पुस्तकांना वंगणाचा वास यायचा. वरच्या फळीवर देवाधर्माची, मधल्या फळीवर सामाजिक आणि खालच्या फळीवर, जिथं माझा हात सहज पोचायचा, तिथं सबनीस वकिलांची पुस्तकं. मुखपृष्ठावर काळा कोट घातलेला, कपाळावर एक बट आलेला माणूस, आणि त्याच्यामागं प्रत्येक वेळी निराळी घाबरलेली बाई.

आमचा सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग, शेणानं सारवलेला, रस्त्याकडून उघडा. हंगामात आई वखारीत तंबाखू चाळायला जायची आणि हंगाम संपला की घरात विड्या वळायची. तेव्हा तानी आत्या, शांतामावशी आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी आपापली सुपं घेऊन आमच्याकडंच येत, कारण आमच्या सोप्यात वारं यायचं. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, एका कोपऱ्यात जर्दा. कात्रीचा कचकच आवाज, दोऱ्याचा बारीक सर्रकन आवाज, मधूनच कुणाची तरी शिंक. निपाणीला नवीन आलेला माणूस शिंकतच गावात शिरतो. आम्हाला तो वास जाणवतही नसे. तो आमच्या केसांत असायचा, अंथरुणात असायचा, आणि आईनं कितीही हात घासले तरी भाकरीत थोडा उतरायचाच. ज्वारीची भाकरी, वरण्याची उसळ आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा, एवढं जेवण असलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, 'आज मेजवानी' असं म्हणायचे. आई जायची त्याच वखारीत ते हमाल होते. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते परत बोलायचे नाहीत.

मी शाळेतून आले की दाराला टेकून मनातल्या मनात वाचत बसायची. एक दिवस आई सूप खाली न ठेवता म्हणाली, "एवढं काय वाचतीस गं? एकटीच हसतीस, एकटीच दचकतीस. तोंडानं वाच की, आम्हास्नी बी कळू दे." मी मोठ्यानं वाचायला लागले आणि पहिल्याच पानाला कात्र्या थांबल्या. पुढं दिवस कलायचा, कंदील लावायची वेळ व्हायची, तरी कुणी उठायचं नाही.

पुस्तक कुठलंही असो, सुरुवात ठरलेली असायची. सकाळची वेळ, सबनीसांचं ऑफिस. मिस लोबो नावाची त्यांची टायपिस्ट कॉफी घेऊन येते. गणपुले नावाचा म्हातारा कारकून छत्री झटकत येतो आणि ट्राम वेळेवर नसल्याची तक्रार करतो. सरकारी वकील दातार तपकीर ओढत एखादा टोमणा मारून जातात. आणि मग दारात कुणीतरी उभं राहतं, ज्याच्यावर खुनाचा आळ आहे आणि ज्यानं खून केलेला नाही. आमच्या बायकांना खुनाची घाई नसायची. मी पानं उलटून पुढं गेले तर तानी आत्या, अण्णांची थोरली बहीण, मला रागवायची. "छत्री झटकली का न्हाय त्यानं? ते वाच आदी." मिस लोबोंवर तर सगळ्यांचा जीव. आत्याचं म्हणणं एकच असायचं, "हा बाबा इतकी वर्सं तिच्या हातची कॉफी पितोय. लगीन का करीना झालाय?" शांतामावशी म्हणायची, "ती किरिस्ताव, ह्यो बामण. त्याच्या आईला चालंल व्हय?" मग सबनीसांच्या आईवर, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती, बराच वेळ चर्चा व्हायची.

वकील हा प्राणी आमच्या घरात आधीपासून ओळखीचा होता. भिंतीवर कोट-टाय घातलेला, जाड चष्म्याचा तो फोटो होता, ज्याच्यापुढं आई रोज सकाळी हात जोडायची. सबनीस आडनाव ऐकूनही आमच्या बायकांनी त्यांना मनातल्या मनात तोच चष्मा चढवला होता. बामणाचा का असेना, काळा कोट घालून बिनगुन्ह्याच्या माणसाला सोडवतोय म्हणजे कुठंतरी आपलाच, असा त्यांचा हिशेब.

आज पस्तीसेक वर्षं वकिली करून झाल्यावर मला लोक विचारतात, असल्या कादंबऱ्या तुम्ही अजून कशा वाचता? कोर्टात असं काहीच होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे. खरं कोर्ट म्हणजे पुढच्या तारखा, बांधांची भांडणं आणि न आलेले साक्षीदार. पण त्या पुस्तकांचं सुख खुनात नव्हतंच. प्रत्येक पुस्तकात एक परकं माणूस मरायचं आणि आपली माणसं जशीच्या तशी शिल्लक राहायची. ज्या बायकांना पुढच्या हंगामात वखारीत बोलावणं येईल की नाही हे कधीच माहीत नसायचं, त्यांना गणपुले छत्री झटकत परत येणार याची खात्री होती. अशी खात्री दुसरं कुठलं पुस्तक देत नाही, आणि त्या खात्रीला कमी लेखणाऱ्या शिकलेल्या माणसांशी मी अजूनही भांडते.

त्या वर्षी मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. हंगाम ऐन भरात होता. शांतामावशी वखारीत आईच्या शेजारी काम करायची. तिचं धाकटं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून तिनं दुपारनंतर घरी जायला मागितलं. मुकादमानं नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा नाही म्हणाला. मग ती डोक्याचं फडकं सोडून सरळ निघाली. मुकादमानं तिला दंडाला धरून मागं खेचलं आणि ढकललं. ती चाळणीच्या चालू यंत्रावर पडली, आणि तिचा उजवा हात पट्ट्यात गेला. आईनं धावत जाऊन यंत्र बंद करायला लावलं. तोवर मावशीची दोन बोटं गेली होती. विड्या वळणाऱ्या बाईची उजव्या हाताची दोन बोटं.

वखारीतून सांगण्यात आलं की बाई पाय घसरून पडली. तानी आत्यानं त्याच संध्याकाळी बायकांना गोळा केलं आणि सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदारानं आधी टाळाटाळ केली, पण एवढ्या बायका पायरीवर बसून राहिलेल्या बघून फिर्याद लिहून घेतली. खटला चिकोडीच्या कोर्टात उभा राहायला पुष्कळ महिने गेले, आणि तेवढ्या महिन्यांत एकेक करून साक्षीदार गळाले. एकीची त्या वेळी पाठ होती, एकीच्या डोळ्यांत जर्दा गेला होता, एक त्या दिवशी कामावरच नव्हती असं तिला आठवायला लागलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना हंगाम हवा होता. शेवटी आई एकटीच उरली.

मग एका रविवारी सकाळी वखारीचे दिवाणजी आमच्या सोप्यात आले. माणूस सभ्य. चहा घेतला, माझ्या शाळेची चौकशी केली, आणि अण्णांना म्हणाले, "खोटं बोला असं मी म्हणत न्हाय. बाईनं एवढंच म्हणायचं, गडबडीत नीट दिसलं न्हाय. तुमचं दोघांचं काम हाय तसं राहील." दिवाणजी गेल्यावर अण्णांनी उंबऱ्यातून आत येऊन आईला विचारलं, "तू बघितलीस?"

"बघितलं. तिथंच हुतो मी, हातभर अंतरावर."

"मग सांग."

एवढंच.

चिकोडीला मी आईबरोबर गेले. शाळा बुडवायला तिनं परवानगी दिली नव्हती, पण तानी आत्यानं दिली. सोप्यातल्या बायकाही आल्या होत्या, ज्यांनी साक्ष द्यायला नकार दिला होता त्यासुद्धा. आम्ही मागच्या बाकांवर बसलो. पुस्तकात कोर्ट म्हणजे उंच छत आणि संगमरवर. इथं पत्र्याचं कपाट, डुगडुगणारा पंखा आणि खिडकीत पारवे. मॅजिस्ट्रेट धारवाडकडचे होते. मराठी त्यांना समजायची, पण ते प्रत्येक वाक्य मनात फिरवून कन्नडमध्ये टायपिस्टला सांगायचे. "निधानवागि," ते आईला म्हणाले, आणि मग आपणच मराठीत, "सावकाश."

मुकादमाच्या बाजूनं बेळगावहून रणदिवे वकील आणले होते. ते उठून उभे राहिले आणि आमच्या बाकावर एक हलकी कुजबुज झाली. उंच, गोरा माणूस, भारदस्त आवाज, आणि खरोखरच कपाळावर एक बट. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, ह्यो तर सबनीसच." मलाही तसंच वाटलं, आणि क्षणभर मी खूश झाले. मग माझ्या ध्यानात आलं की तो सबनीस माझ्या आईकडं बघतोय. इतकी वर्षं आम्ही त्याच्या खांद्यामागं उभ्या राहून कोर्ट बघत आलो होतो. पिंजऱ्यात उभी असलेली, त्याच्या प्रश्नांनी घामाघूम होणारी बाई कोण, हा विचार आमच्यातल्या एकीच्याही मनात कधी आला नव्हता.

रणदिवेंनी सुरुवात गोड केली. यंत्राचा आवाज मोठा असतो ना? होय. धुरळा उडतो? होय. त्या दिवशी जमीन ओली होती का? नव्हती. आई प्रत्येक प्रश्नाला थोडं थांबून, जेवढ्यास तेवढं उत्तर देत होती. तिचा पदर नीट होता आणि हात कठड्यावर. मग त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि आवाज जरा खाली आणला.

"बाई, तुमच्या घरी रोज कादंबऱ्या वाचतात म्हणे. खरं आहे?"

"व्हय. माझी पोरगी वाचती."

"कोर्टाच्या? खुनाच्या?"

"व्हय."

"त्यात साक्षीदार असाच उभा राहतो आणि आरोपीकडं बोट दाखवतो."

"दावतो."

"ऐकायला आवडतं तुम्हाला?"

"लई आवडतं."

कोर्टात हसू फुटलं. ती पुस्तकं मी आणली होती, मी वाचली होती, आणि आता तीच उचलून हा माणूस माझ्या आईवर फेकत होता. रणदिवे हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आज तुम्ही इथं जे सांगितलंत, कुणी ढकललं, कसं ढकललं, ते सगळं त्या गोष्टींतल्यासारखंच आहे. नाही का?"

आई शांतामावशीकडं बघत होती. मावशी समोरच्या बाकावर बसली होती, उजवा हात पदराखाली. मग आई मॅजिस्ट्रेटांकडं वळली, वकिलाकडं नाही.

"साहेब, गोष्टीतला वकील, त्याची ती बाई, त्याचा कारकून, समदी पुढच्या पुस्तकात धडधाकट परत येत्यात. म्हणून ऐकायला बरं वाटतं. शांताची बोटं परत यायची न्हाईत. एवढा फरक मला कळतो."

मॅजिस्ट्रेटांनी टायपिस्टला खूण केली आणि आईला म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा, सावकाश." आईनं तेच शब्द, त्याच क्रमानं पुन्हा सांगितले, आणि ते एकेक करून कन्नडमध्ये कागदावर उतरताना मी ऐकत राहिले. शाळेत कन्नड सक्तीचं म्हणून मी कुरकुरत शिकले होते. त्या दिवशी ते माझ्या कामी आलं, कारण आईचं वाक्य दुसऱ्या भाषेतही तेवढंच सरळ उभं आहे हे मला कळत होतं. रणदिवे खाली बसले. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी आजही सांगते, उलटतपासात एक प्रश्न कमी विचारलेला बरा. ते विचारतात हे कुठं लिहिलंय. मी म्हणते, चिकोडीला.

मुकादमाला शिक्षा झाली. बेळगावला अपील झालं, तिथंही ती थोडी कमी होऊन टिकली, आणि तो हिंडलग्याच्या तुरुंगात काही महिने काढून आला. नंतर तो दुसऱ्या गावी गेला असं ऐकलं. शांतामावशी डाव्या हातानं पानं कातरायला शिकली. वळायचं काम तिची सून करायची. पुढच्या हंगामात आईला आणि अण्णांना वखारीचं बोलावणं आलं नाही. ते येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यावर घरात रडारड झाली नाही. अण्णांना एका नातेवाइकानं उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका फौंड्रीत चिकटवलं आणि आम्ही बेळगावला आलो.

पण त्याआधी सोप्यात आणखी एक पुस्तक वाचून झालं. कुणीतरी म्हणालं, आता कशाला असलं वाचायचं. आईच म्हणाली, "का? वाच की." मी वाचलं. छत्री झटकली गेली, कॉफी आली, सगळं नेहमीसारखं. मग कोर्टाचं प्रकरण आलं आणि सबनीसांनी एका मोलकरणीला पिंजऱ्यात उभं केलं. ते तिला एकावर एक प्रश्न टाकू लागले, ती अडखळू लागली, आणि आत्या म्हणाली, "थांब. तिला बोलू दे की जरा."

"आत्या, हे छापलेलं आहे. मी काय करू?"

"छापलंय म्हणून काय झालं? बाईला दम तरी खाऊ दे."

मग शांतामावशीनं विचारलं, त्या मोलकरणीला घरी किती पोरं आहेत. पुस्तकात ते नव्हतं. दुसरी म्हणाली, ती खोटं बोलत असेल तर कुणाच्या भ्यानं बोलत असेल ते सबनीस का विचारत नाही. सबनीसांवरचं प्रेम कमी झालं नव्हतं. घरचा माणूस चुकला तर जसं तोंडावर सांगतात तसं त्या सांगत होत्या. मी पुस्तक मांडीवर ठेवून ऐकत बसले, आणि मला स्वच्छ कळलं की मला हेच काम करायचं आहे, आणि कसं करायचं तेही. पुढं कुणी विचारलं की वकील व्हायचं कधी ठरवलं, तर मी चिकोडीचं कोर्ट सांगत नाही. मी ती संध्याकाळ सांगते.

कॉलेजात मराठी माध्यमाची, वखारीकडची, आमच्या वस्तीतली मुलगी म्हणून काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत बसण्यात मला रस नाही. मी त्यातून पार पडले आणि बऱ्यापैकी वर राहून पार पडले. सनद मिळाल्यावर एका फौजदारी वकिलांकडं उमेदवारी केली. त्यांनी पहिली मोठी उलटतपासणी माझ्यावर सोपवली तेव्हा आई मुद्दाम कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसली. मारामारीचा खटला होता. आमच्या अशिलानं एकाचं डोकं फोडलं असं म्हणणं होतं, आणि साक्षीला बाजारात फुलं विकणारी एक म्हातारी होती. ती भांबावून गेली होती. पोलिसांनी तिला काय सांगायचं ते पढवलेलं होतं, आणि ती पढवलेलं धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. तिला फोडणं अगदी सोपं होतं. माझे वरिष्ठ त्याचीच वाट बघत होते.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही आधी बसा." मॅजिस्ट्रेटांनी स्टूल द्यायला लावलं. मी तिला विचारलं, त्या वेळी गिऱ्हाईक होतं का. म्हणाली, सणाचा दिवस, लई गर्दी. हातात काय होतं? गजरा ओवत होते. मग भांडणाकडं कधी बघितलंत? आरडाओरडा झाला तेव्हा. तेव्हा काय दिसलं? पळणारं पोरगं, पाठमोरं. मी थांबले. तिला घाई केली नाही. मग विचारलं, "चेहरा बघितला होता का, मावशी? नसंल बघितला तर तसं सांगा. कोण काय करत न्हाय तुम्हास्नी."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं पोलिसांकडं बघितलं, आणि म्हणाली, "चेहरा न्हाय बघितला बाई." मी खाली बसले. वरिष्ठ माझ्या कानात म्हणाले, अजून दोन प्रश्न टाकले असते तर तिनं पोलिसांचंच नाव घेतलं असतं. मी म्हटलं, आपल्याला हवं होतं तेवढं मिळालं. आमचा अशील सुटला.

बाहेर आल्यावर आई आणि मी कोर्टासमोरच्या हॉटेलात पुरी-भाजी खायला बसलो. ती काय म्हणते याकडं माझं सगळं लक्ष होतं. तिनं निवांतपणे खाल्लं, हात धुतले, पदरानं तोंड पुसलं, आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "ती फुलवाली आज घरी जाऊन पोटभर जेवंल."